खांद्यात ओढतं का

कर्जतच्या बाजारपेठेत भर दुपारी परकर नेसून चहा प्यायला जाणारा पुरुष मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे मास्तर. पांढरा पायजमा, वर पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, गळ्यात टेप, आणि या सगळ्यावर कमरेला विलायतेला जायचा निळ्या छापाचा, गुंडाळून नेसायचा परकर. हॉटेलातल्या बाकावर ते बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. पोरंटोरं हसायची. मास्तरांना त्याचं काही नसायचं. एकदा तर स्टँडवर उभ्या असलेल्या कशेळ्याच्या एसटीची पायरी ते चार वेळा चढले आणि चार वेळा उतरले. कंडक्टर वैतागून म्हणाला, "मास्तर, जायाचं हाय का नाय?"

"मला नाय जायाचं," मास्तर परकराकडे बोट दाखवून म्हणाले. "ह्याला जायाचंय."

पायरी चढताना परकर पुढून उघडा पडतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. संध्याकाळी त्यांनी परकराचा बेत बदलला. गुंडाळीला चार बोटं कापड जास्त दिलं. आमच्या शिवणकेंद्राच्या मोठ्या बाई कापड वाया जातं म्हणून कुरकुरल्या, तर मास्तर म्हणाले, "तिकडची बाई गाडीत चढंल तवा मी थोडाच तिथं असनार हाय परकर धराया?"

मास्तरांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्या नावाखाली मी एकदा जे लिहिलं, त्यानंतर ते नाव पुन्हा कागदावर काढायचा मला धीर होत नाही.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. आमचं शिवणकेंद्र एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या गोदामात होतं. आसपासच्या गावांतल्या चाळीसेक बायका तिथे खाली जाजमावर बसून हातमशिनवर शिवायच्या. मुंबईहून येणाऱ्या एका सधन बाईंनी ते काढलं होतं, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. कपडे जायचे इंग्लंडला. तिथे काही भल्या माणसांनी अशी दुकानं काढली होती, की गरीब देशातल्या माणसानं बनवलेली वस्तू तिथे योग्य मोबदला देऊन विकायची, आणि घेणाऱ्याला ती कोणी बनवली हे कळू द्यायचं. म्हणून प्रत्येक कपड्याला दोऱ्यानं एक छोटं कार्ड बांधलेलं असायचं. वर बनवणाऱ्याचा फोटो, खाली चार ओळी. कल्पना चांगली होती. मला ती आजही चांगलीच वाटते. ती नासवली माझ्यासारख्यांनी. त्या चार ओळी मी लिहायची. मी तेव्हा तेवीस वर्षांची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि कर्जतमध्ये आपल्यासारखं इंग्रजी कोणाला येत नाही अशी माझी खात्री होती.

मास्तर कपडे बेतायचे. साठीला टेकलेला, काडीसारखा माणूस. कशेळ्याच्या पुढच्या एका गावात पस्तीस वर्षं स्वतःच्या ओट्यावर मशीन टाकून शिवत आलेला. पाच गावांतले सगळे खांदे त्यांना पाठ होते. रस्त्यात कोणी भेटलं की "काय, बरं हाय का?" असं विचारायचे नाहीत. विचारायचे, "खांद्यात ओढतं का?" समोरच्यानं नाही म्हटलं तरी त्याचा हात वर करून बघायचे, काखेतली शिवण दोन बोटांत धरून ताणायचे, आणि मगच पुढे जायचे. एकदा तालुक्याच्या एका साहेबाला त्यांनी भर सभेत असंच काखेत धरलं होतं. साहेब गुदगुल्या होऊन हसायला लागला आणि त्याचं भाषण तिथेच संपलं.

केंद्रात आल्यावर मात्र त्यांची मोठी पंचाईत झाली. इथले कपडे खोक्यात भरले जायचे, खोकी टेंपोत चढायची, आणि मग काहीच परत यायचं नाही. कोणाचा खांदा, कोणाची पाठ, काही कळायचं नाही. म्हणून मग प्रत्येक नवीन नमुना ते स्वतः एक दिवस अंगात घालून हिंडायचे. चुण्यांचे ब्लाऊज, झग्यासारखे लांब कुडते, परकर, सगळं. "आपल्याला टोचलं तर त्यांना टोचनार," म्हणायचे. "कातडी सगळ्यांची कातडीच."

त्यांचा दुसरा हट्ट उलट्या बाजूचा. शिवून झालेला कपडा बायकांनी नेऊन दिला की ते तो आधी उलटा करायचे. सुलट बाजू बघायचेच नाहीत. डोळे मिटून आतल्या शिवणीवरून बोट फिरवायचे आणि एखाद्या जागी थांबून म्हणायचे, "हितं तुला कोनीतरी हाक मारली व्हती." आणि खरंच, त्या जागी टीप किंचित वाकडी असायची. पुढे पुढे त्यांना हे सगळीकडेच लागू करायची खोड लागली. एका बाईनं मुलीला आलेलं स्थळ सांगितलं, मुलाला रसायनीच्या कारखान्यात नोकरी आहे, दोन खोल्या आहेत, तर मास्तर कात्री न थांबवता म्हणाले, "उलटी बाजू बघितली का?" बाईनं चौकशी केली. मुलगा पिणारा निघाला.

माझ्याशी ते फारसं बोलत नसत. मी टेबलाशी बसायची, ते जमिनीवर. खुर्चीवर बसत नसत. खुर्चीवर बसलं की कापड परकं वाटतं म्हणायचे. पण एकदा माझ्याकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, उद्या तुझा एक ब्लाऊज आनून दे. जुना चालंल." तिसऱ्या दिवशी नवीन ब्लाऊज माझ्या टेबलावर ठेवला. घालून बघितला तर इतका नीट बसला की मला नवल वाटलं. कारण विचारलं, तर आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "तुझा डावा खांदा अंमळ खाली हाय. मी आतून एक पट्टी दिलीय. कुनाला दिसनार नाय." तेवीस वर्षं मी आरशात बघत होते. मला ते दिसलं नव्हतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, आणि शिलाई विचारली तर हात झटकून गेले.

अशा माणसाबद्दल मी कार्ड लिहिलं.

पहिल्यांदा साधंच लिहिलं होतं. हे अनुभवी शिंपी आहेत, बापाकडून शिकले, कपडा स्वतः घालून बघतात. मग विलायतेहून पत्र आलं. आमच्या गिऱ्हाइकांना कारागिरांच्या आयुष्याविषयी, त्यांच्या अडचणींविषयी अधिक जाणून घ्यायला आवडेल, असं त्यात होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "जरा हळवं लिही. त्यांच्या मनाला भिडलं पाहिजे." एवढंच म्हणाल्या. पुढचं सगळं माझं.

एका दुपारी टाइपरायटरसमोर बसून मी एकेका बाईला दुःख वाटत गेले. कोणाचा नवरा पळाला, कोणाचं घर पुरात गेलं. खरी दुःखं त्यांना होती, पण ती विचारायला उठून जाजमापर्यंत जावं लागलं असतं, आणि ती अशी सुबक चार ओळींत मावणारीही नव्हती. मास्तरांच्या पाळीला मला काही सुचेना. त्यांना दुःख असं दिसतच नव्हतं. तीन मुली, तिघी नांदत होत्या. बायको धडधाकट. मग मी लिहिलं, की यांची पत्नी दुष्काळाच्या वर्षी उपासमारीनं वारली. तीन लहान मुलींना हा बाप एकटा शिवणकाम करून वाढवतो आहे. वाचून बघितलं. इंग्रजी फार छान साधलं होतं. मला स्वतःचं कौतुक वाटल्याचं आठवतं.

त्या कार्डानं जादू केली. मास्तरांचा फोटो असलेले कपडे आधी संपायचे. पत्रं येऊ लागली, मागणी वाढली. एका पत्रात एका बाईनं लिहिलं होतं, की पूर्वी हे परकर सायकलवर उडायचे, आता उडत नाहीत, कोणीतरी विचार करून बदल केलेला दिसतो. ते पत्र मी मोठ्या बाईंना वाचून दाखवलं, फाइलला लावलं, आणि विसरले. मास्तर माझ्यापासून दहा हातांवर बसले होते.

मग एक दिवस पत्र आलं, की दुकानातल्या एक बाई हिंदुस्थानात येत आहेत आणि त्यांना त्या शिंप्याला भेटायचं आहे.

त्या आल्या तेव्हा उन्हाळा चालू झाला होता. उंच, लाल गालांच्या, पन्नाशीच्या बाई, शाळेत शिकवणाऱ्या. अंगावर आमचाच कुडता होता. मास्तर त्या कुडत्याकडे असे बघत राहिले, जसा माणूस सासरहून आलेल्या मुलीकडे बघतो. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला कपडा तिकडच्या अंगावर बघितला. दुभाषी मी.

बाई सगळ्यांना भेटून मास्तरांसमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, की तुमचं कार्ड मी माझ्या स्वयंपाकघरात लावलं आहे. माझे पती दोन वर्षांपूर्वी गेले. रिकामं घर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मराठीत सांगितलं, "बाईंचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी वारले. तुमचं काम त्यांना फार आवडतं."

मास्तरांचा चेहरा उतरला. ते सावकाश म्हणाले, "लई वाईट झालं. एकट्यानं दिवस काढनं लई वाईट. जेवताना समोर कोन तरी लागतं, नायतर घास उतरत नाय. त्यांना सांग."

मी ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. काही बदलायची गरजच नव्हती. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मास्तरांनी शेजारचं एक उरलेलं कापड उचललं आणि डोळे पुसायला त्यांच्या हातात दिलं. चाळीस बायका कामं थांबवून बघत होत्या, त्यांतल्या काही स्वतःचे डोळे पुसत होत्या. गोदामात त्या क्षणी जे काही चाललं होतं ते सगळं खरं होतं, फक्त मी सोडून.

तेवढ्यात दारात मास्तरांची बायको आली. मड्डम येणार आहे, बघायला ये, असं त्यांनीच तिला सांगून ठेवलं होतं. ठेवणीतलं हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ती येऊन मास्तरांच्या शेजारी उभी राहिली आणि बाईंकडे बघून हसली.

बाईंनी मला विचारलं, "ह्या कोण?"

मोठ्या बाईंना इंग्रजी येत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. मी म्हणाले, "सिस्टर."

बाई उठल्या आणि त्यांनी मास्तरांच्या बायकोला मिठी मारली. म्हणाल्या, की यांना सांभाळता म्हणून मी तुमचे आभार मानते. मी त्याचं मराठी केलं नाही. बायको लाजून नुसती हसत होती. मग बाईंनी तिघांचा फोटो काढायला लावला. मधे स्वतः, एकीकडे मास्तर, एकीकडे बायको. जाताना मास्तर धावत त्यांच्या मागे गेले, त्यांचा हात वर करून काखेतली शिवण बघितली, आणि मला म्हणाले, "विचार गं, खांद्यात ओढतं का?" पण मोटार सुटायची घाई होती. मी म्हटलं, "पत्रात विचारू."

दोन-तीन महिन्यांनी दुकानाचं एक छापील पत्रक आलं. त्यात तो फोटो होता. मोठ्या बाईंनी एक प्रत मास्तरांना दिली. त्यांनी ती घडी पडू नये अशी कापडाच्या दोन पट्ट्यांत धरून घरी नेली. फोटोखाली काय लिहिलंय ते त्यांनी गावातल्या शाळेच्या गुरुजींना वाचायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बेतत राहिले. सुट्टीत बायका बाहेर गेल्यावर उठले, माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. मी त्यांना खुर्चीवर बसलेलं पहिल्यांदाच बघत होते.

"सिस्टर म्हंजे बहीन ना गं?"

मी हो म्हटलं.

"मला वाटलं नर्स. गावात कुनाचं दुखलंखुपलं की ती धावत जाते. म्हटलं, तू बरोबर सांगितलंस." मग म्हणाले, "गुरुजींना शपथ घातलीय. तिला नाय सांगितलं मी. ती लई खुशीत हाय, मड्डमनी मिठी मारली म्हनून."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज एखाद्या नवख्या बाईला टीप उसवून पुन्हा मारायला सांगावी तसा होता. "चुकलं तर उसवायचं. दुसरं काय? कागद घे. मी सांगतो तसं लिव, आनि ते इंग्रजीत करून धाड."

मी लिहून घेतलं. ते असं होतं:

"माझी बायको जिती हाय. तिचं नाव लिव. तीन पोरी हायेत, तिघी आपापल्या घरी बऱ्या हायेत. मला कसली ददात नाय. हा कपडा मी बेतला, पन शिवला चौघींनी, त्यांची बी नावं लिव. त्या खाली बसून शिवतात, पाठी भरून येतात, त्याचं काय करता आलं तर बघा. कपडा उलटा करून बघा. शिवन सुटली तर चूक माझी, बायकांची नाय. मी तुमाला कदी बघितलं नाय, म्हनून इचारतो, खांद्यात ओढतं का ते कळवा."

मी पेन ठेवलं. ते म्हणाले, "वाच." मी वाचलं. त्यांनी मान हलवली, खुर्ची जागच्या जागी ठेवली आणि खाली जाऊन बसले.

संध्याकाळी मी तो कागद मोठ्या बाईंना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "आता हे पाठवलं तर मागचं सगळं खोटं ठरेल. सगळ्याच कार्डांवर शंका येईल. दुकानं मागणी थांबवतील, मग या बायकांनी कुठे जायचं?" कारण खरं होतं. मी लगेच मान्य केलं. इतक्या लगेच मान्य केलं, की माझं मलाच ते जाणवलं. कारण दुसरंही होतं. पुढच्या महिन्यात मला विलायतेला बोलावलं होतं, तीन आठवडे, कारागिरांविषयी भाषणं द्यायला. ती सुंदर कार्डं लिहिणारी मुलगी म्हणून. कागद मी टेबलाच्या खणात ठेवला आणि मास्तरांना सांगितलं, की पुढच्या खोक्याबरोबर जाईल.

मी विलायतेला गेले. गावोगावच्या सभागृहांत बोलले. एका दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत, एका मुलीनं आमचा ब्लाऊज अंगात घालून बघितला. आरशासमोर तिनं दोन्ही हात वर केले, खाली घेतले, पुन्हा वर केले. कुठेही ओढलं नाही. खांद्यावर तो इतका अलगद बसला होता की ती स्वतःशीच हसली. मग तिनं कार्ड वाचलं आणि तिचं हसू गेलं. तिनं ब्लाऊज विकत घेतला. माझ्याकडे वळून म्हणाली, "बिचारा." मी फक्त मान हलवली.

परत आल्यावर मास्तर माझी वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "नवीन कार्ड बघितलंस लावलेलं?"

"बघितलं."

"काय म्हनाले लोक?"

त्या वेळी निदान त्या मुलीचं सांगता आलं असतं. हात वर केले, ओढलं नाही, हसली. एवढं सांगायला काही खोटं लागत नव्हतं. पण त्या मुलीचं हसू कार्ड वाचून गेलं होतं. मी म्हटलं, "पत्र पाठवतील. तुमच्या नावानं, घरच्या पत्त्यावर." हे पत्त्याचं मी का म्हटलं कोण जाणे. बहुधा प्रश्न माझ्या टेबलापासून लांब जावा म्हणून.

मास्तरांचा चेहरा असा फुलला की मला तिथून उठून जावं लागलं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. केंद्र आणखी काही वर्षं चाललं, मग मोठ्या बाईंची प्रकृती बिघडली आणि ते बंद झालं. मास्तर परत आपल्या ओट्यावर शिवायला लागले असं ऐकलं. माहेरी आले की त्यांना भेटून यावं असं प्रत्येक वेळी ठरवायची आणि प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. मीच काढायची. एकदा कर्जतला एका लग्नात केंद्रातली एक बाई भेटली. तिनं सांगितलं, "मास्तर गेले. दोन महिने झाले." मी दुसऱ्या दिवशी कशेळ्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसले, आणि कशेळ्यापासून पुढे चालत गेले.

ओट्यावर मशीन होतं, जुन्या चादरीनं झाकलेलं. मास्तरांची बायको वाल सोलत बसली होती. कपाळ मोकळं, हातांत एकही बांगडी नाही. कागदावर मी मारलेली बाई समोर होती, आणि गेले होते ते.

तिनं मला ओळखलं. "तुमी त्या इंग्रजी लिवायच्या त्या बाय ना? बसा."

मी बसले. मास्तरांना काय झालं ते तिनं सांगितलं. काही विशेष नाही, ताप आला, चार दिवसांत आटोपलं. मग ती आपणहून बोलायला लागली. "पोस्टमन दिसला की इचारायचे, विलायतचं काय हाय का. तुमी म्हनला व्हता ना, पत्र येनार म्हनून. पाच वर्सं. शेवटी शेवटी तो पोस्टमनच बिचारा लांबूनच हात हलवून नाय म्हनायचा, म्हंजे ह्यांना उठाया लागाया नको. आमी म्हनायचो, आता कुठलं पत्र? तर म्हनायचे, लांबचं हाय, येळ लागतो."

मी म्हटलं, "मावशी, ते कार्ड मी पाठवलंच नव्हतं."

तिचे हात थांबले.

सगळं सांगितलं. तिच्याविषयी काय लिहिलं होतं, फोटोखाली काय छापलं होतं, मास्तरांनी काय सांगितलं होतं, आणि तो कागद खणात राहिला ते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी मेली असं लिवलंत ते मला ठावं हाय. गुरुजींच्या बायकोनी तवाच सांगितलं. ह्यांना वाटायचं मला ठावं नाय, म्हनून मी बी बोलली नाय. मला हसू आलं व्हतं. मेलेल्या मानसाला मड्डमनी मिठी मारली."

ती हसली नाही. सोललेले वाल तिनं सुपात ओढून घेतले.

"माझं काय नाय, बाय. पन त्यांना वाट बघाया लावलीत."

ती सूप घेऊन उठली आणि आत गेली. मला वाटलं, चहा टाकायला गेली. कोणी आलं की त्या घरात चहा व्हायचा, हे मला ठाऊक होतं. काय बोलायचं, ते पत्रातलं सायकलवर न उडणाऱ्या परकराचं सांगायचं का, त्या आरशासमोरच्या मुलीचं सांगायचं का, याची मी मनात जुळणी करत ओट्यावर बसून राहिले. आतून चुलीचा धूर आला नाही. भांडं वाजलं नाही. थोड्या वेळानं सुपात काहीतरी पाखडण्याचा आवाज यायला लागला, एकसारखा, सावकाश, आणि तो थांबेना. मग मला समजलं. मी उठले, चपला घातल्या आणि रस्त्याला लागले.